सरांनी निबंध वाचला की नाही, हे कसं कळणार?

बाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि मराठीच्या निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

पत्र पहिलं

नमस्कार बाई,

मी नववीत आहे. तीन जानेवारीला बालिका दिनानिमित्त आमच्या शाळेत 'मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व' हा निबंध लिहायला देतात. दरवर्षी विषय तोच. मागच्या वर्षी वर्गातल्या बऱ्याच जणींनी एकाच गाईडमधला निबंध उतरवला, त्यांना दहापैकी सात मिळाले. मी स्वतःच्या मनाने लिहिला होता, मलाही सातच. म्हणून या वर्षी मी मुद्दाम उलटं लिहिलं. सर चिडतात का, मला बोलावून घेतात का, हे मला बघायचं होतं.

मी लिहिलं, मुलींना शिकवून काही उपयोग नाही. मुलगी शिकली की तिच्याहून जास्त शिकलेला नवरा बघावा लागतो आणि हुंडा वाढतो. शाळेत पहिली आलेली मुलगीही शेवटी भाकऱ्याच थापते. एस.टी. वेळेवर येत नाही, मुली फाट्यावर ताटकळत उभ्या राहतात, त्यापेक्षा घरी बसलेल्या बऱ्या. उदाहरण म्हणून माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं लिहिलं. ती भूम तालुक्यातल्या एका खेड्यातून यायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. आठवी झाल्यावर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली ती परत आलीच नाही, आणि तिच्यावाचून वर्गात कुणाचं काही अडलं नाही. शेवटचं वाक्य होतं, 'म्हणून सावित्रीबाईंनी उगीच एवढा त्रास घेतला.'

वही परत आली. दहापैकी सात. खाली लाल पेनने लिहिलं होतं, 'विचार छान मांडले आहेत. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.'

एका मुलीने त्या पानाचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता सगळे सरांना हसतात. मला आधी मजा वाटली, आता झोप लागत नाही, कारण सर मनाने वाईट नाहीत. त्यांनी वाचलंच नाही, की त्यांना ते पटलं? आजोबा म्हणतात, टिळकांनीही टरफलं उचलली नव्हती, तू कशाला घाबरतेस? आई म्हणते, जाऊन माफी माग. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर

पोरी, आधी तो फोटो.

ज्या मुलीने तो ग्रुपवर टाकला तिला आजच काढायला सांग. तिला आता जमत नसेल तर ग्रुपच्या ॲडमिनला सांग, त्याला काढता येतो. मग तू स्वतः ग्रुपवर लिही : निबंध माझा आहे, त्यातली मतं माझी नाहीत, मी सर वाचतात का ते बघायला तसं लिहिलं होतं, कृपा करून कुणी पुढे पाठवू नका. एवढं लिहायला धीर लागेल. पण ते तुझ्याच हातून जायला हवं, कारण त्या पानावर काय चाललं आहे हे फक्त तुला ठाऊक आहे. परक्या माणसाला तुझा प्रयोग दिसणार नाही. त्याला दिसेल ते इतकंच की एका मुलीने 'मुलींनी शिकू नये' असं लिहिलं आणि शिक्षकाने खाली 'विचार छान' असा शेरा दिला. तालुक्याच्या गावात एवढ्यावरून माणसाची चौकशी लागते. एका ओळीच्या शेऱ्यासाठी ही फार मोठी शिक्षा झाली. आणि तुझ्या मैत्रिणीचं काय? तिचं नाव त्या पानावर असेल तर ते आज किती फोनमध्ये फिरतंय, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

आता तुझा प्रश्न. सरांनी वाचलं नाही, की त्यांना पटलं?

तिसरी शक्यताही आहे, ती तुझ्या पत्रात नाही. सरांनी निबंध पूर्ण वाचला असेल, त्यांना तो मुळीच पटला नसेल, आणि तरीही मांडणीला सात गुण दिले असतील. वैचारिक लेखन तपासताना मी स्वतः तसंच करत आले. दहावीच्या मराठीच्या पेपरात लेखनकौशल्याला आठ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतलं एक लिहायचं असतं. वैचारिक लेखनात मुलाने कोणती बाजू घेतली याचे गुण मी कधी कापले नाहीत. मुद्दे एकापुढे एक नीट येतात का, उदाहरण मुद्द्याला लागू पडतं का, वाक्य पूर्ण होतं का, हे बघितलं. तेव्हा तुझ्या हातात जे सात गुण आहेत ते तिन्ही शक्यतांत बसतात. तू लावलेल्या परीक्षेचा निकालच लागत नाही, कारण न वाचणारा, वाचून पटलेला आणि वाचून न पटलेला, असे तिघेही तुला तोच आकडा देऊ शकतात.

तरी माझा अंदाज विचारशील तर सांगते. मधला भाग वाचला गेला नसावा. नुसते गुण असते तर मी गप्प बसले असते, पण ज्या शिक्षकाने ते शेवटचं वाक्य वाचलं त्याच्या हातून बालिका दिनाच्या निबंधाखाली 'विचार छान' असं लिहून होणार नाही. निदान एक प्रश्नचिन्ह तरी समासात पडलं असतं.

वह्या कशा तपासल्या जातात ते तुला माहीत असावं. एका वर्गात साठ-पासष्ट मुलं, मराठीच्या शिक्षकाकडे असे तीन वर्ग तरी असतात. एक निबंध मन लावून वाचायला पाच मिनिटं धर. दोनशे वह्यांना सोळा-सतरा तास झाले. हे तास शाळेच्या वेळापत्रकात कुठेही नसतात. गठ्ठा पिशवीत घालून घरी न्यायचा आणि रात्री स्वयंपाक-जेवणं आवरल्यावर घेऊन बसायचं. त्यात मतदारयाद्यांची कामं, माहितीचे तक्ते, आज दुपारी बारापर्यंत पाठवायची कुठलीतरी माहिती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी कामं शिक्षकांना लावू नयेत असं म्हटलं आहे, पण नुसती निवडणूक म्हटली तरी ती लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत असते.

म्हणून न वाचता शेरा लिहावा, असं मी म्हणणार नाही. वेळ नसेल तर 'पाहिले' लिहून सही करावी, त्यात खोटं काही नाही. 'विचार छान' असं लिहिलं की मुलाला वाटतं, आपल्याशी कुणीतरी बोललं. तेच बोलणं गाईडवाल्या मुलींशीही झालं आणि तुझ्याशीही, हे मागच्या वर्षी तुझ्या लक्षात आलं आणि तुला ते लागलं. ते लागायलाच हवं होतं. मुलाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेला निबंध आणि उतरवलेला निबंध यांना एकच गुण देणं हा अन्याय आहे, आणि मी मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडावर सांगेन.

पण तुझी तक्रार खरी होती आणि तू ती खोट्या निबंधात घातलीस. तिथे मला तुझ्याशी भांडायचं आहे.

आजोबांना माझा नमस्कार सांग. शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो. त्या गोष्टीतला मुलगा गुरुजींची परीक्षा घेत नाही. त्याने शेंगा खाल्लेल्या नाहीत, म्हणून तो टरफलं उचलत नाही. जे खरं आहे त्यावर तो उभा राहतो आणि छडी खायला तयार होतो. तू मात्र तुला न पटलेलं लिहिलंस. सरांनी बोलावून विचारलं असतं, 'हे तुझं मत आहे का?' तर तुझ्यापाशी उभं राहायला काहीच नव्हतं. 'नाही सर, मी गंमत केली', एवढंच तू म्हणू शकली असतीस.

सावित्रीबाईंचं नाव तू शेवटच्या वाक्यात घेतलंस. त्यांचं नायगाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे मला ते वाक्य जरा जास्तच बोचलं, हे लपवत नाही. म्हणून त्यांच्याच शाळेतल्या एका मुलीचं सांगते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. शाळेत येऊन तिला तीनेक वर्षंच झाली होती. तिने एक निबंध लिहिला, 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला, पहिला भाग १५ फेब्रुवारीला आणि दुसरा १ मार्चला.

त्या निबंधात ती थेट देवाला विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला ते बघण्याचीही मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता? बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं मारून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत असत, हे ती गुलटेकडीचं नाव घेऊन लिहिते. तिच्या वस्तीतल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हेही लिहिते. आणि हे पुण्यात बसून लिहिते. पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती, बाजीरावाचं राज्य डोळ्यांनी पाहिलेली माणसं शहरात होती.

याहून भडक शालेय निबंध मला तरी माहीत नाही. पण त्यातलं एकही वाक्य कुणाला चिडवून बघू म्हणून लिहिलेलं नाही. जे ऐकलं, भोगलं, वस्तीत रोज पाहिलं, ते तिने लिहिलं आणि लोक चिडले असतील तर ते त्याच्यामुळे. ती उभी होती ती स्वतःच्या जमिनीवर.

माझ्याही वर्गात असं एकदा झालं. २०१३ च्या दुष्काळात मी माण तालुक्यात शिकवत होते. फळ्यावर विषय दिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. वह्यांमध्ये मोर नाचले, बेडूक ओरडले, कागदी होड्या सोडल्या गेल्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'बाई, मी जनावरांबरोबर छावणीत राहतो. आमच्या दोन म्हशींना रोज मोजून चारा मिळतो. टँकर आला की आमचा पावसाळा. तुम्ही दिलेला दिवस मला आठवत नाही, म्हणून मी टँकरचा दिवस लिहितो.' आणि मग पुढे दीड पान टँकर. पाइप कोण धरतं, हंडे कुणाचे आधी लागतात, आजी सांडलेलं पाणी फडक्याने टिपून बादलीत कसं पिळते. 'तुम्ही दिलेला दिवस' हे शब्द मला टोचले आणि टोचावेत असंच ते वाक्य होतं. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि त्या वर्षी फळ्यावर मोराचे विषय देणं बंद केलं.

आता तुझा निबंध परत उघड. हुंडा आणि भाकऱ्या सोड, ते कुठूनही ऐकलेलं आहे. एस.टी.ची ओळ बघ. ती खरी आहे. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे, पण गाडीच आली नाही तर पास कुणाला दाखवायचा? आणि त्याच्या खाली तुझी मैत्रीण.

त्या चार ओळी मी पत्रात पुन्हा पुन्हा वाचल्या. आठवीपर्यंत बाकावर शेजारी बसलेली, गणितात पुढे असलेली मुलगी. तिच्या घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतली असणार, ती फेडायला कोयता हातात घेऊन कारखान्याच्या भागात जावं लागलं असणार. ही पोर आता कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असेल, नाहीतर आईच्या मागे मोळ्या बांधत असेल. शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंतचा, आठवीपर्यंतचा आहे. नववीच्या उंबऱ्यावर तो थांबतो, आणि नेमकी तिथेच ती गळाली. हे सगळं तुझ्यापाशी होतं. तू ते 'मुलींनी शिकू नये' याचा पुरावा म्हणून वापरलंस आणि वर लिहिलंस की कुणाचं काही अडलं नाही. तुझं अडलं नाही का? बाकावरची तिची जागा रिकामी झाली तेव्हा तुला काय वाटलं, हे लिहिलं असतंस तर दहापैकी सात देऊन मोकळं होणं कुठल्याही शिक्षकाला जड गेलं असतं.

तर आता असं कर. आई म्हणते तशी माफी माग, पण नुसती माफी नको. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गर्दी असते, तेव्हा जाऊ नकोस. शाळा सुटल्यावर वही घेऊन सरांना एकटं गाठ आणि सरळ सांग : 'सर, मी हा निबंध मुद्दाम उलटा लिहिला. मागच्या वर्षी गाईडमधल्या निबंधाला आणि माझ्या निबंधाला सारखेच गुण मिळाले, त्याचं मला वाईट वाटलं होतं. या निबंधाचा फोटो ग्रुपवर गेला, तो मी काढायला लावला आहे. त्याबद्दल मी माफी मागते.' माफी फोटोची. गुणांबद्दल वाईट वाटलं त्याची माफी मागायची नाही. सर ओशाळतील, कदाचित रागावतील. रागावले तर ऐकून घे, उलट उत्तर देऊ नकोस, पण सांगितलेलं मागेही घेऊ नकोस. फारच बिनसलं तर वर्गशिक्षकांकडे आईला बरोबर घेऊन जा.

आणि हातात दुसरा निबंध ने. मैत्रिणीवरचा, तिचं नाव न घालता. त्यात महत्त्व वगैरे काही नको. ती कशी बसायची, कुठलं गणित तिने तुला शिकवलं, शेवटच्या दिवशी काय बोलली, एवढंच. सरांना म्हण, हा वाचाल का? आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचार : १७ नंबरचा फॉर्म कसा भरायचा? शाळा सुटलेल्या मुलांना तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं, सरांना त्याची सगळी माहिती असेल. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ऊसतोडीची कुटुंबं गावी परततात. तेव्हा तिच्या आईवडिलांकडे तू आणि सर मिळून गेलात तर ते ऐकतील. तू एकटी गेलीस तर चहा देऊन परत पाठवतील.

दुसरा निबंध मलाही पाठव. मी तो शेवटपर्यंत वाचेन आणि समासात लिहून परत पाठवेन.

पत्र दुसरं

आदरणीय बाई,

मी दिंडोरी तालुक्यात आठवीला मराठी शिकवतो. 'माझी शाळा' या निबंधात एका मुलाने लिहिलं आहे, 'माझ्या शाळेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. किल्ली शिक्षकांकडे. मुली पाणी पीत नाहीत. माझी शाळा मला आवडत नाही. हे वाचून सर मला मारतात का ते बघू.' मुख्याध्यापक म्हणतात, शून्य द्या आणि पालकांना बोलवा. तुमचं मत?

– एक शिक्षक

उत्तर

सर, कुलूप आहे का? तुम्ही पत्रात ते खोटं असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून आहे असं धरते.

मग शून्याचा प्रश्नच उरत नाही. पाच छोटी वाक्यं, प्रत्येकात एक गोष्ट, आणि 'मुली पाणी पीत नाहीत' हे त्याने किती बारकाईने पाहिलं आहे! आठवीतल्या मुलग्याला हे दिसलं, शाळेतल्या मोठ्या माणसांना दिसलं नाही. भाषेचे आणि निरीक्षणाचे गुण भरभरून द्या. निबंध लहान आहे, विस्ताराचे कापा, आणि का कापले ते समासात लिहा.

शेवटच्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण ते त्याने तुम्हाला उद्देशून लिहिलं आहे. त्याला मार मिळण्याची भीती खरोखर वाटते की तो तुम्हाला आजमावतो आहे, हे शोधत बसू नका. दोन्हीला उत्तर एकच आहे. त्याच्या वहीत लिहा, 'मारणार नाही. कुलपाबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे.' शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. निबंधाबद्दल पालकांना बोलावून सगळ्यांसमोर उभं करणं यातल्या दुसऱ्या गोष्टीच्या फार जवळ जातं. आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं ही शाळेची अट आहे. ती बांधून कुलूप घातलं तर अट पाळली असं कुणी म्हणणार नाही.

कुलूप का घातलं हेही मी जाणते. सुट्टीच्या दिवशी बाहेरची मुलं येतात, नळ काढून नेतात, सफाईला शिपाई नाही. हे प्रश्न खरे आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते मांडा, पाणी आणि सफाईसाठी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा, आणि तोवर निदान शाळेच्या वेळेत दार उघडं ठेवा. मुलींची एखादी शिक्षिका किंवा आठवीतल्या दोन मुली त्याकडे लक्ष ठेवू शकतील.

मुख्याध्यापकांकडे जाताना वही बरोबर न्या, पण निबंधाबद्दल बोलण्याआधी त्यांना घेऊन त्या दारापर्यंत चालत जा.